सोळा उपाशी चौकोन

कच्छला जाऊन आलो म्हटलं की सुरतेत लोक पहिला प्रश्न विचारतात, "पांढरं रण पाहिलं का?" नाही पाहिलं. श्रावणात तिथे पाणी साचलेलं असतं, पांढरं काही दिसत नाही, आणि आम्ही त्यासाठी गेलोही नव्हतो. आम्ही गवत पाहायला गेलो होतो. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस जरा थांबतो आणि विषय बदलतो. म्हणून जे पाहिलं आणि जे झालं, ते एकदा नीट लिहून काढतो आहे.

आमची मुलगी रेवती कच्छच्या माळरानातल्या गवतावर पीएचडी करते. भूजपासून पश्चिमेला, नखत्राण्याच्याही पुढे, एका रबारी, म्हणजे मेंढपाळांच्या, वस्तीजवळ तिचं काम चालू आहे. हे तिचं तिसरं आणि शेवटचं वर्ष. मी सुरतेजवळ कडोदऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये रंगाची मापं आणि छटा तपासतो, बायको सुनंदा शाळेत शिकवते. दोघांची सुट्टी एकत्र जमणं कठीण. गुजरातेत सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या आसपास, शाळा बंद असतात आणि मिलही अर्धी रिकामी होते. या वर्षी तो मेळ बसला. "पप्पा, आत्ता नाही आलात तर पुढच्या वर्षी दाखवायला काही राहणार नाही," असं रेवती फोनवर म्हणाली होती. वर्ष संपलं की तिची शिष्यवृत्ती संपणार, कुंपण निघणार, असा त्याचा अर्थ होता.

भूज

स्टेशनवर रेवती जीप घेऊन आली होती. उन्हानं रापलेली, केसांना रुमाल बांधलेला. सुनंदानं तिला पाहताच "अगं, किती काळी झालीस!" म्हटलं. रेवती म्हणाली, "आई, मी तीन वर्षं शेडनेटमध्ये नव्हते."

गावात दाबेली खाल्ली. सुरतेतल्या दाबेलीत गोडाचा हात सढळ असतो. इथे मसाला पुढे आणि गोड मागे. मला साखरेचा त्रास आहे, त्यामुळे मला इथलीच बरी वाटली. वस्तीवर द्यायला म्हणून सुरतेहून दोन किलो नानखटाई घेतली होती. जीपच्या मागच्या सीटवर तिचं काय झालं हे पोहोचल्यावर कळलं. डब्यात एकही अख्खी उरली नव्हती, नुसता भुगा. सुनंदा हिरमुसली. पण वस्तीवर, रेवती जिथे राहते त्या घरच्या राणीबेननी त्या भुग्यावर शेळीचं दूध ओतलं, घरातल्या चार नातवंडांना वाट्या दिल्या आणि तो पदार्थ असाच खायचा असतो असं ठरून गेलं.

नखत्राणा सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच झाड दिसत राहतं. लोक त्याला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडी बाभूळ. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून कधीकाळी बाहेरून आणून लावली, आणि मग ती कुणाचं ऐकेना. मी म्हटलं, निदान हिरवं तरी आहे. रेवती म्हणाली, "तीच अडचण आहे, पप्पा. हिच्या मुळांमुळे मातीत नायट्रोजन वाढतो. या मातीला त्याची सवय नाही."

आम्हा दोघांना ते कळेना. मातीत नायट्रोजन वाढला तर त्यात वाईट काय? आम्ही मूळचे साक्रीकडचे, शेतकऱ्यांच्या घरातले. आमच्या वडिलांच्या पिढीनं युरियाच्या गोणीसाठी रांगा लावलेल्या.

चौकोन

वस्तीपासून थोडं चालत गेलं की काटेरी फांद्यांचं कुंपण लागतं. आत चोवीस चौकोन, प्रत्येक चार मीटर लांब आणि तेवढाच रुंद. कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या, त्यांवर आकडे. हिशेब सोपा होता आणि मला तो लगेच आवडला. आठ चौकोनांना दर पावसाळ्यात युरिया. आठ चौकोनांना काहीच नाही. उरलेल्या आठांना साखर.

"साखर?" सुनंदा म्हणाली.

"साखर. पोत्यानं."

मला घरात चहात अर्धा चमचा मिळत नाही आणि इथे मातीला पोत्यानं, असं मी म्हटल्यावर रेवती हसली. मग तिनं समजावलं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. साखर मिळाली की ते झपाट्यानं वाढतात आणि वाढताना मातीतला नायट्रोजन स्वतःच खाऊन टाकतात. गवताच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणजे साखर घालून मातीला उपाशी ठेवायचं. वस्तीवरच्या लोकांना हे काही पटलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिला पोती रिकामी करताना पाहून कुणीतरी म्हणालं होतं, "बेन माटीने चा पिवडावे छे," बाई मातीला चहा पाजते आहे. तेव्हापासून तिचं नावच चावाळी बेन पडलं. ती त्यांच्याबरोबर हसली आणि गोष्ट तिथेच राहिली.

आता गवताबद्दल. त्या कुंपणात मुख्य दोन गवतं होती. एक तिथलं जुनं, जींजवो. आपल्याकडे त्याला मारवेल म्हणतात. बुटकं, फिकट, दिसायला काही नाही. पण वाळून कोळ झालं तरी जनावरं ते खातात, आणि पाऊस चुकलेल्या वर्षी वस्ती तगते ती त्याच्यावर. दुसरं बाहेरून चाऱ्यासाठी आलेलं. वस्तीवर त्याला नुसतं विलायती म्हणतात. कोवळं असताना जनावरं खातात, एकदा काडी धरली की तोंड लावत नाहीत.

युरियाच्या चौकोनांत विलायती माझ्या कमरेएवढं, गर्द हिरवं. त्याच्या सावलीत जींजवो शोधावा लागत होता. काही न दिलेल्या चौकोनांत दोन्ही निम्मी निम्मी. आणि साखरेच्या चौकोनांत सगळंच विरळ, पिवळट, टाचेएवढं. मी एवढ्या लांबून आलेला बाप. मला आधी तेच दिसलं, की मुलीचे हे आठ चौकोन बिचारे दिसतात.

"खाली बसा," रेवती म्हणाली.

बसलो. सात नंबरच्या चौकोनात तिनं बोट दाखवलं तिथे केसासारखी दोन पानं वर आली होती. मग थोड्या अंतरावर आणखी. "जींजवोची नवीन रोपं. दोन वर्षं जुनी झाडं नुसती टिकून होती, विलायती मरत होतं. मरून मोकळ्या झालेल्या जागेत जुनं गवत स्वतःहून परत येतं का, हा माझा खरा प्रश्न आहे. या वर्षी पहिल्यांदा उगवलंय." ती कुजबुजत बोलत होती, पाळण्याजवळ बोलावं तशी. "याच्यात अकरा आहेत. दिवाळीपर्यंत टिकली तर ती परत येतात असं म्हणता येईल. एवढंच एक वाक्य लिहायचंय मला, पप्पा."

तिनं मला सुरतेहून लाल दोरा आणायला सांगितला होता, उन्हापावसात न उडणाऱ्या रंगाचा. मी मिलमधून आणलेलं रीळ खिशातून काढलं. तो रंग मी स्वतः धुऊन, उन्हात ठेवून पारखला होता. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं एकेका रोपाशेजारी बारीक काडी रोवून तिला लाल दोरा बांधत होतो. सुनंदाची बोटं बारीक कामाला सरावलेली. तिच्या गाठी सगळ्यांत नेटक्या आल्या. इतकी वर्षं मुलगी काय करते हे शेजारच्यांना सांगताना मी अडखळायचो. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा समजलं.

रांधण छठ

रेवती वेलाकाकांच्या ओसरीवरच्या खोलीत राहते. वेलाकाका साठीचे असतील. अंगात पांढरा घेरदार केडिया, कानात सोन्याच्या बाळ्या, साठ-सत्तर मेंढ्या आणि थोड्या शेळ्या. राणीबेन त्यांची बायको. दोघांना तीन मुलगे. मुलगी नाही. त्यामुळे रेवती घरातली बेन कधी झाली हे कुणाला सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी ती तापानं आजारी पडली तेव्हा राणीबेन तीन रात्री तिच्या उशाशी बसल्या होत्या. हे आम्हाला रेवतीनं तेव्हा सांगितलंच नव्हतं. राणीबेननी सांगितलं.

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी छठ होती. गुजरातेत सातमला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी, रांधण छठीला, सगळं करून ठेवायचं आणि सातमला थंड खायचं. सुरतेत एवढी वर्षं काढूनही आमच्या घरात ही चाल आली नाही. सुनंदा म्हणते, एक दिवस चुलीला सुट्टी देणारा देव आपल्याकडे का नाही? ती राणीबेनबरोबर थेपले लाटायला बसली. बाजरीचे वडे, गोड पुऱ्या, ताकातली मिरची. परातीवर परात भरत होती.

मी आणि वेलाकाका बाजेवर. चहा बशीत ओतून द्यायचा, कप त्यांच्याकडे आणि बशी पाहुण्याकडे. मी सुरतेचा म्हटल्यावर त्यांनी "सुरतनुं जमण ने काशीनुं मरण" ही म्हण ऐकवली, जेवण सुरतेचं आणि मरण काशीचं, आणि विचारलं, मग इथलं जेवण तुम्हाला काय लागणार? माझी गुजराती सुरती वळणाची, 'स'चा 'ह' करणारी. मी बोललो की त्यांचा धाकटा मुलगा तोंड फिरवून हसायचा. शेवटी काकाच त्याला म्हणाले, "हस, हस. तू सुरतला जा, ते तुला हसतील."

प्रवासात माणूस आपल्याकडचं सांगायला लागतो. मीही लागलो. आमच्याकडे साक्रीच्या बाजूला ठेलारी असतात, मेंढ्या घेऊन फिरणारे. पेरणीआधी शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात. दोन-तीन रात्री मेंढ्या बसल्या की बदल्यात धान्य. जिथे मेंढ्या बसल्या तिथलं पीक हातभर वर असतं, बांधावरून ओळखू येतं. वेलाकाकांना हे ऐकून फार आनंद झाला. इथेही तसंच आहे म्हणाले, कापणीनंतर शेतकरी बोलावतात. सातशे किलोमीटरवर दोन ठिकाणी एकच चाल, याचं आम्हा दोघांनाही कौतुक वाटलं. मी आणखी रंगवून सांगितलं. मेंढीची लेंडी म्हणजे सोनं, त्यापुढे गोणीतला युरिया काहीच नाही, वगैरे.

मग त्यांनी विचारलं, "ते बेनचे चौकोन? दोन वर्षं बघतोय. आठ चांगले आहेत, बाकीचे बिचारे पिवळे."

मी म्हणालो, "त्यांना खायलाच मिळत नाही ना, काका. उपाशी आहेत."

माझ्या बोलण्यावर सगळे हसले. परातीशी बसलेली सुनंदा म्हणाली, "आणि पोरीची डिग्री त्या गवतावर आहे. दिवाळीला कापून मोजणार म्हणे. देव करो आणि चांगलं येवो."

राणीबेननी हातातलं लाटणं थांबवून आकाशाकडे हात जोडले. रेवती तेव्हा तिथे नव्हती. फोनला रेंज मिळते त्या टेकडावर ती गेली होती. मी तेव्हा आणखी दोन वाक्यं बोलू शकलो असतो. तिनं मला आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं आणि मला ते समजलंही होतं. पण बशीतला चहा चांगला होता, माणसं जमली होती, आणि हसू आल्यावर त्यात खुलासा कोण घालतो?

लखपत

सातमला थंड थेपले बांधून रेवतीनं आम्हाला लखपतला नेलं. पूर्वीचं बंदर. म्हणतात, इथे रोज लाखाची उलाढाल होती म्हणून हे नाव. कुठलं नाणं आणि कशाची उलाढाल, ते सांगणारा कुणी भेटला नाही, तेव्हा आकडा जसा ऐकला तसा देतो. भूकंपानं नदीचं पाणी वळलं आणि शहर रिकामं झालं. तट मात्र शाबूत आहे. मैलोन्‌मैल दगडी भिंत आणि आत मूठभर घरं. तटावर उभं राहिलं की पलीकडे करडी, ओलसर, सपाट जमीन आणि तिच्या टोकाला काही नाही.

सुनंदा म्हणाली, "एवढी भिंत बांधली, पण जायचं ते गेलंच."

तिथे उभे असतानाच ईशान्येकडे ढग चढले. कच्छमध्ये महिनाभर पावसानं ओढ दिली होती. वस्तीवर रोज तोच विषय होता. रेवतीनं आनंदानं अक्षरशः उडी मारली. "आत्ताच पाहिजे होता! रोपांची मुळं आज धरतील." परतीच्या वाटेवर पावसानं गाठलंच. जीपच्या टपातून एका जागी पाणी गळत होतं, ते नेमकं माझ्या मांडीवर. मी जागा बदलली नाही. रेवती काच खाली करून हात बाहेर धरून बसली होती. सुनंदानं तिला लहानपणी ओरडायची तसं ओरडून पाहिलं, आणि मग स्वतःच्या बाजूची काच खाली केली.

सातमची संध्याकाळ

वेलाकाका कुंपणाशी पावसात भिजत उभे होते. आमची वाट पाहत. जीप थांबताच ते पुढे आले आणि रेवतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बेन, जोई आव. हवे भूख्यां नहीं रहे." जाऊन बघ, आता उपाशी राहणार नाहीत.

चूल नव्हती म्हणून घरच्या बायकांना दिवसभर हात मोकळे होते. सुना, राणीबेन, शेजारच्या दोघी. सकाळपासून टोपल्या भरभरून मेंढवाड्यातली लेंडी आणि तिच्याखालची मुतानं भिजलेली माती त्यांनी डोक्यावरून आणली होती आणि हातानं चुरून, सारखी पसरली होती. पिवळ्या चौकोनांत. सोळाच्या सोळा.

"एकही जनावर आत घातलं नाही, हं," काका अभिमानानं म्हणाले. "बेनची मनाई आहे ना. आमच्या डोक्यावरून आणलं. आणि ते आठ सोडले. पेलां तो धरायेलां छे." ते तर पोट भरलेले आहेत. "दोऱ्याला कुणी हात नाही लावला. बघा, तसेच आहेत."

खरंच तसेच होते. ओल्या काळ्या खताच्या थरातून लाल दोऱ्याच्या काड्या वर आल्या होत्या. पाऊस पडत होता आणि खताचं तपकिरी पाणी चौकोनांत मुरत होतं.

रेवती कुंपणाच्या आत गेली नाही. बाहेरूनच एकेक आकडा वाचत गेली. मग वळली आणि म्हणाली, "काका, तुम्ही किती भिजलात." राणीबेनना मिठी मारली. राणीबेन रडायला लागल्या. आनंदानं. त्यांना वाटलं रेवतीही आनंदानं रडते आहे.

सुनंदा माझ्या कानाशी आली. घाबरली की ती माहेरच्या अहिराणीत बोलते. "आते काय करानं?"

मी जीपमधल्या पिशव्या उतरवायला लागलो.

खोलीत आल्यावर रेवतीनं विचारलं, हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून? दोन वर्षांत कधी आलं नाही. मी सांगितलं. ठेलाऱ्यांचं, हातभर पिकाचं, उपाशीच्या विनोदाचं, जसं झालं तसं.

"पप्पा, मिलमध्ये रंग पारखताना तुम्ही एक कोरा तुकडा जपून ठेवता ना? त्यावर कुणी रंग ओतला तर?"

"नवीन कोरा काढतो."

"माती नवीन काढता येत नाही."

मी म्हटलं, पहाटे उठून वरचा थर खरवडू, मी एकटा करीन. ती म्हणाली, खरवडला तर रोपंही जातील, आणि जे मुरायचं ते आज रात्री मुरेल. विलायती गवताला एवढं मिळालं की ते पंधरा दिवसांत वर येतं. मुळं जमिनीत जिवंत आहेतच.

"मग काकांना सांगतो. निदान चूक माझी होती एवढं तरी."

"नका सांगू."

"खोटं वागायचं का?"

"तुम्हाला हलकं व्हायचंय म्हणून त्यांना जड करायचं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "महिनाभर पाऊस नव्हता. त्या बायका आज शिळं खाऊन दिवसभर माझ्यासाठी ओझी वाहत होत्या. सांगून माझा एकही चौकोन परत येणार नाही. आणि चूक एकट्या तुमची नाही. दोन वर्षं मला चावाळी म्हणतात आणि मी हसते. का करते ते एकदा बसून सांगितलं नाही. म्हटलं, यांना काय कळणार."

मग दिवा मालवून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पाऊस चालूच होता. बाहेर वस्तीवर पोरं ओरडत, नाचत होती. त्यांनी महिनाभर ज्याची वाट पाहिली तो पाऊस आला होता, आणि आम्ही तिघं तो थांबावा म्हणून पडून ऐकत होतो.

निघताना

आठमच्या सकाळी रेवतीनं टेकडावर जाऊन तिच्या सरांना फोन केला. परत आली ती शांत होती. सर म्हणाले, तिसरं वर्ष सोडून द्यायचं, पहिल्या दोन वर्षांवर प्रबंध पुरा होतो. उपाशी मातीत जुनं गवत टिकतं, एवढं सिद्ध होतं. परत येतं की नाही, हा प्रश्न शेवटच्या पानावर "पुढील अभ्यासासाठी" म्हणून लिहायचा.

"म्हणजे डिग्री मिळेल," सुनंदा म्हणाली. तिला तेवढा तरी आधार हवा होता.

"मिळेल."

"मग आणखी एखादं वर्ष?" मी विचारलं. "खर्च मी करतो."

"तीन वर्षं उपाशी ठेवली तेव्हा ती अकरा रोपं आली, पप्पा. आता पुन्हा पहिल्यापासून तीन. आणि तोवर कुंपण कोण ठेवणार? जागा पंचायतीची आहे."

आकडे बरोबर होते. मला त्यात कुठेही चूक सापडली नाही.

निघताना वेलाकाकांनी पुन्हा बशी दिली. राणीबेननी माव्याचा डबा बांधला होता, माझ्यासाठी साखर कमी घालून. सुनंदानं कधी सांगितलं होतं कोण जाणे. काका माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "तमे वात न करी होत तो मने सूझत ज नहीं." तुम्ही ती गोष्ट काढली नसती तर मला हे सुचलंच नसतं. आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

मी रेवतीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. मी बशी तोंडाला लावली. चहा गोड होता, पुरा गोड, आणि मी तो सगळा प्यायलो.

उधना

सुरतेत, उधन्याच्या घरी आल्यावर भूज कसं आहे, राहायची सोय कशी, हे लोकांनी विचारलं, ते सांगितलं. जाणाऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या भरपूर ठेवाव्यात आणि नानखटाई घट्ट डब्यात न्यावी. लखपतला दुपारी सावली नाही.

नवरात्रीच्या आधी वेलाकाकांच्या धाकट्या मुलानं माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. काका कुंपणाशी उभे, कमरेवर हात. मागे चोवीसच्या चोवीस चौकोन सारखे. गर्द, कमरेएवढे. कोणता युरियाचा, कोणता साखरेचा, खुंटीवरचा आकडा वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. मी सात नंबर शोधला आणि फोटो मोठा करत गेलो. माझ्या दोऱ्याचा रंग पक्का आहे, तो उडणार नाही, हे मला माहीत होतं. पण लाल कुठे दिसलं नाही. हिरव्याच्या खाली कुठेतरी असेल.

समोरच्या फ्लॅटमधले जयेशभाई आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावलं.

"वाह, शुं घास छे! बेननी मेहनत देखाय छे." मुलीची मेहनत दिसते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच बोटानं फोटो सरकवला आणि खालच्या कडेला थांबले. कुंपणाच्या बाहेर, काट्यांच्या फांद्यांना लागून, एक अरुंद पट्टा होता. टोपल्या तिथवर पोहोचल्या नव्हत्या. तिथे टाचेएवढं, विरळ, पिवळट गवत उभं होतं.

"आटलामां खातर नाखवानुं रही गयुं लागे छे," जयेशभाई म्हणाले. एवढ्या जागेत खत टाकायचं राहून गेलेलं दिसतं.

"हो," मी म्हणालो. "तेवढं राहिलं."